तळटीप १४ : 'बँडबाजाची तबकडी'

१४. स्वारगेटला एसटीची वाट पाहताना लेखकाने ऐकलेली तबकडी 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाची. लेखक 'बँडबाजा' म्हणतो; पण वरातीतला बँड डोळ्यांपुढे आणू नये. हा अमेरिकी धर्तीचा बिगबँड : ट्रम्पेट, सॅक्सोफोनचे ताफे, जोडीला ड्रम. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, हा जॅझचा थाट हिंदी प्रेमगीतांत रुळवला. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (मूळचे गोव्यातल्या हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ) या चित्रपटात आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात. संथ बॅलडसाठी ट्रम्पेटच्या तोंडात 'म्यूट' नावाचे बूच बसवतात. मग तेच पितळ कुजबुजू लागते. लेखकाची साताऱ्याची गाडी चुकली, त्यात आश्चर्य नाही.