डॉक्टरांचा संप आणि सास्काचवानचा धडा

वैद्यकी हा व्यवसाय की सेवा, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार चर्चिला जातो आणि बहुधा अनिर्णीतच राहतो. डॉक्टर म्हणतात, आम्हालाही संसार आहे, दवाखान्याचे भाडे आहे, कर्जाचे हप्ते आहेत. रुग्ण म्हणतो, हे आजारपण मी मागून घेतलेले नाही. दोघांचेही म्हणणे खरे आहे. या दोहोंची सांगड घालण्याचा एक मोठा प्रयत्न कॅनडातील सास्काचवान प्रांतात झाला. तो इतिहास खाजगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांना आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या आपणा सर्वांना उद्बोधक ठरावा.

सास्काचवान हा गव्हाच्या शेतीचा, विरळ वस्तीचा आणि कडाक्याच्या थंडीचा मुलूख. पीक बुडाले की शेतकऱ्याकडे डॉक्टरला द्यायला पैसे नसत आणि पैसे मिळेनात म्हणून डॉक्टर गाव सोडून जात. १९१४ च्या सुमारास सार्निया नावाच्या ग्रामीण पालिकेने यावर साधा तोडगा काढला. गावकऱ्यांच्या करातून डॉक्टरला ठराविक वार्षिक मेहनताना द्यायचा आणि त्याला गावात टिकवून धरायचे. ही प्रथा आसपास पसरली. १९२९ पासून या प्रांतात क्षयरोग्यांवर मोफत उपचार होऊ लागले. म्हणजे पुढे जे घडले त्याचे बी सरकारी कचेरीत नव्हे, तर शेतकऱ्यांच्या गरजेत पेरले गेले होते.

१९४४ साली टॉमी डग्लस प्रांताचे मुख्यमंत्री झाले. हे मूळचे बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. लहानपणी त्यांच्या पायाच्या हाडाला जंतुसंसर्ग झाला होता आणि पाय कापण्याची वेळ आली होती. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी उदाहरण म्हणून एका शल्यविशारदाने त्यांच्यावर विनामूल्य उपचार केले म्हणून तो पाय वाचला. मुलाचा पाय वाचणे अशा योगायोगावर अवलंबून असू नये, ही त्यांची पुढे आयुष्यभराची धारणा झाली. १९४६ साली स्विफ्ट करंट या विभागात सर्व रहिवाशांसाठी वैद्यकीय विम्याचा प्रयोग सुरू झाला. १ जानेवारी १९४७ पासून संपूर्ण प्रांतात रुग्णालयीन विमा लागू झाला. वर्गणी माणशी वर्षाला ५ डॉलर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त ३० डॉलर.

येथवर डॉक्टरांचा फारसा विरोध नव्हता. दवाखान्यातील तपासणीचाही खर्च विम्यातून देण्याचा कायदा नोव्हेंबर १९६१ मध्ये संमत झाला, तेव्हा मात्र ठिणगी पडली. त्याच सुमारास डग्लस राष्ट्रीय राजकारणात गेले आणि वुड्रो लॉइड मुख्यमंत्री झाले. आपण सरकारी नोकर बनू, कोणावर काय उपचार करावेत हे कारकून ठरवतील, अशी भीती डॉक्टरांना वाटत होती. १ जुलै १९६२ रोजी योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी आपले दवाखाने बंद केले. काही रुग्णालयांत तातडीची सेवा तेवढी चालू होती. पहिल्याच दिवशी एका तान्ह्या बाळाला घेऊन त्याचे आईवडील डॉक्टरच्या शोधात गावोगाव फिरले. मेंदूज्वराने ते बाळ वाटेतच दगावले.

समाज दुभंगला. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. विल्कॉक्स येथील नोत्र दाम महाविद्यालयाचे संस्थापक फादर अॅथल मरी यांनी योजनेविरुद्ध अत्यंत जहाल भाषणे केली. धर्मगुरूचा शब्द लोक मोलाचा मानतात, म्हणूनच भय पसरवण्यासाठी तो वापरला गेला की किती अनर्थ ओढवू शकतो, हे आम्हा धर्मगुरूंना त्यातून शिकण्यासारखे आहे. ११ जुलै रोजी रेजायना येथे विरोधकांनी विराट सभा योजली. प्रत्यक्षात आलेला समुदाय अपेक्षेच्या मानाने फारच थोडा होता. दरम्यान ब्रिटनहून काही डॉक्टर मदतीला आले आणि सास्कातूनमध्ये नागरिकांनी सहकारी तत्त्वावर दवाखाना उघडला.

शेवटी ब्रिटनचे लॉर्ड टेलर, स्वतः डॉक्टर, यांनी मध्यस्थी केली. २३ जुलै १९६२ रोजी समेट झाला. या समेटाचे स्वरूप लक्षपूर्वक पाहावे. डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत. दवाखाना त्यांचाच राहिला, रुग्णाने कोणता डॉक्टर निवडावा याचे स्वातंत्र्यही राहिले. प्रत्येक तपासणीमागे ठरलेले शुल्क मिळू लागले, फक्त ते रुग्णाच्या खिशाऐवजी सामाईक निधीतून. ज्यांना योजनेबाहेर राहायचे होते त्यांना तीही मुभा होती. पुढील वर्षांत डॉक्टरांचे उत्पन्न घटले नाही, उलट वाढले. कारण बुडीत बिले संपली होती. १९६४ मध्ये विरोधी पक्ष सत्तेवर आला. त्यानेही ही योजना मोडली नाही.

याच काळात वैद्यक संघटनेच्याच मागणीवरून केंद्र सरकारने न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. संघटनेला त्यातून योजनेला पायबंद बसण्याची आशा होती. १९६४ च्या अहवालात आयोगाने उलट साऱ्या देशासाठी तशाच योजनेची शिफारस केली. १९६६ साली कायदा झाला आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत त्यात सामील झाले. ठरल्यापेक्षा अधिक शुल्क रुग्णाकडून घेण्याची प्रथा १९८४ च्या कायद्याने रोखली.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे कोणी समजू नये. शस्त्रक्रियेसाठी तेथे महिनोन् महिने थांबावे लागते आणि अनेकांना कुटुंबाचा डॉक्टर मिळत नाही. दात व औषधे यांचा खर्चही मूळ योजनेत नव्हता. तरीही बिलाच्या धास्तीने तेथे कोणी डॉक्टरकडे जाण्याचे टाळत नाही.

स्विफ्ट करंटचा प्रयोग सुरू झाला त्याच १९४६ साली आपल्या देशात भोर समितीने अहवाल दिला होता. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तिचेही सूत्र होते. आपली वाट वेगळी झाली. आज सरकारी विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहेत. रोजच्या तपासणीचा व औषधांचा भार बहुतांशी कुटुंबच वाहते.

आपल्या डॉक्टरांनी यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सास्काचवानच्या डॉक्टरांना जे गमावण्याची भीती होती ते उपचारांचे स्वातंत्र्य त्यांच्यापाशीच राहिले. गेला तो प्रत्येक रुग्णाची ऐपत जोखण्याचा अधिकार, आणि तो गेल्याने त्यांचा पेशा हलका झाला नाही. कायदा येईल तेव्हा येईल. दवाखान्यात शुल्काचा फलक लावणे, अनावश्यक चाचण्या टाळणे, आणि धर्मग्रामातील पतपेढ्या व संस्थांनी उभारलेल्या आजारनिधीशी ठरलेल्या दराने करार करणे, एवढे तर कायद्यावाचूनही करता येईल. सार्नियाच्या शेतकऱ्यांनी तरी कोणत्या कायद्याची वाट पाहिली होती?