एकपात्री प्रयोग आणि दैनंदिन जीवनातील विनोद

रोजच्या जीवनातील क्षुल्लक गोष्टी एकट्या माणसाने रंगमंचावर सांगाव्यात आणि शेकडो प्रेक्षकांनी पैसे देऊन त्या ऐकाव्यात, ही घटना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. जे घरी रोज विनामूल्य घडते, त्यासाठी माणसाने नाट्यगृहात का जावे? पु. ल. देशपांडे यांचे 'बटाट्याची चाळ' हे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले व १९६१ मध्ये त्याचा एकपात्री प्रयोग रंगभूमीवर आला. त्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

एकट्याने श्रोतृवृंद खिळवून ठेवण्याची कला महाराष्ट्राला नवी नव्हती. कीर्तनकार आख्यान लावताना अनेक पात्रे स्वतःच उभी करी. तमाशातील सोंगाड्या बतावणीत चालू गोष्टींवर कोट्या करी. तथापि कीर्तनातील विनोद अखेर उपदेशाच्या सेवेस राही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या 'सुदाम्याचे पोहे'मधील विनोदाचाही रोख रूढींवर, म्हणजे सुधारणेकडे होता. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाबरोबर मध्यमवर्गीय संसार हाच विनोदाचा विषय बनला. पण तो वाचकाने एकट्याने वाचावयाचा होता. एकपात्री प्रयोगाने तो संसार समुदायापुढे आणला.

हा फरक महत्त्वाचा होय. 'उपास' या प्रकरणात एक गृहस्थ वजन उतरविण्याचा संकल्प करतो आणि सारी चाळ त्याला सल्ले देऊ लागते. यात अद्भुत असे काहीच नाही. परंतु शेजारच्या खुर्चीवरील अनोळखी मनुष्यही त्याच जागी हसतो, तेव्हा आपली खासगी फजिती ही सर्वांचीच आहे, असा दिलासा प्रेक्षकाला मिळतो. हास्य येथे साक्षीचे काम करते.

अशा साक्षीला समान अनुभव लागतो. मुंबईत तो पुरविण्यास १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा काही अंशी कारण झाला असावा. भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरू खोली सोडीनासे झाले, मालक दुरुस्ती करीनासे झाले. पिढ्यान्‌पिढ्या तीच माणसे त्याच गॅलरीत राहिली, आणि एकमेकांच्या लकबी सर्वांना पाठ झाल्या. निरीक्षणात्मक विनोदाला याहून सुपीक भूमी कोणती?

मात्र ही साक्ष सर्व चाळींची नव्हे. पावशे, बर्वे, सोमण, त्रिलोकेकर ही आडनावेच चाळीची सामाजिक घडण सांगतात. १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव येथे उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींत आणि गिरणगावातील खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या कामगाराचे जीवन या गॅलरीत दिसत नाही. ते अण्णा भाऊ साठे यांच्या लोकनाट्यांतून निराळ्या प्रेक्षकांपुढे येत होते. 'आपण सारे असेच' या विधानातील 'आपण' कोण, हे इतिहासाच्या अभ्यासकाने प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.

सारांश, दैनंदिन विनोदाचे आकर्षण नावीन्यात नसून ओळखीत आहे. पुस्तकाच्या अखेरच्या 'चिंतना'त हसू ओसरते आणि सरत्या चाळीविषयीची हुरहूर उरते. आज अनेक जुन्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्या चाळींत लोक कसे राहत, हे दप्तरांतून कळेल. ते कशाला हसत, हे या प्रयोगांतून कळते. म्हणून त्यांची गणना इतिहासाच्या साधनांत, वरील मर्यादा ध्यानी ठेवून, करावयास हवी.