जोड कोणी लावायची?

तालीम हा शब्द अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ शिक्षण. उर्दूत आजही शाळा-कॉलेजातल्या शिक्षणाला तालीमच म्हणतात. मराठीत आल्यावर त्याने लंगोट घातला, अंगाला माती लावली आणि तो आखाड्यात उतरला. पहिलवान आणि कुस्ती हे शब्द फारसीतून आले. फारसी उस्ताद आपल्याकडे वस्ताद झाला आणि हनुमंताच्या तसबिरीखाली बसून पोरांना डाव शिकवू लागला. त्याचा धर्म कोणता, हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही. मी शब्दांचा माणूस असल्यामुळे मला या प्रवासाचे फार कौतुक वाटते. शाळा आणि तालीम ही मुळात एकाच अर्थाची दोन घरे, आणि ही दोन घरे एकत्र येतात ती शालेय कुस्ती स्पर्धांमध्ये.

या स्पर्धांसंबंधी एक जुना प्रश्न आहे. अजिंक्यपदाची वाटणी कशी करायची? सगळ्या शाळांची मुले एकाच हौद्यात उतरवायची, की शाळांचे गट पाडायचे? आणि गट पाडायचेच तर कशावरून? प्रश्न खेळाचा वाटतो, पण तो न्यायाचा आहे. म्हणून त्याचा थोडा इतिहास पाहू.

आपल्या वऱ्हाडात उरूस असो की जत्रा, दंगल आलीच. हलगी वाजायची आणि आधी लहान पोरे पुढे यायची. त्यांची कुस्ती रेवड्यांवर. मग नारळाची, मग रुपयांची आणि शेवटी मानाची. वजनकाटा नव्हता, जन्मदाखला नव्हता. गावातली चार जाणती माणसे हौद्याच्या कडेला बसायची, दोन पोरांना शेजारी उभे करायची, खांदे-मांड्या निरखायची आणि म्हणायची, ‘लावा जोड!’ जोड बरोबरीची आहे की नाही, हे डोळा ठरवायचा. त्या डोळ्यात अनुभव असे, पण कधी कधी भावकीही असे. पुढाऱ्याच्या पोराला सोपी जोड मिळते, ही कुरकुर दंगलीइतकीच जुनी असावी.

गटवारीची कल्पना मात्र परकी नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांची प्रतवारी वय, देह आणि बळ पाहून केलेली आहे. म्हणजे साधारण नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या मुलखात हे ठाऊक होते, की जोड बरोबरीची नसेल तर ती कुस्ती होत नाही, तो नुसता तमाशा होतो.

युरोपला हे थोडे उशिरा पटले. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक झाले, तेव्हा कुस्तीत वजनगटच नव्हते. जर्मनीचा कार्ल शूमान हा बुटका जिम्नॅस्ट मैदानात उतरला. त्याने ब्रिटनच्या लाँसेस्टन एलियटला पाडले. एलियट त्याच ऑलिंपिकमधला वजन उचलण्याच्या स्पर्धेचा विजेता. शूमान पुढे कुस्तीचाच विजेता ठरला. यावरून कोणी म्हणेल, मग गट हवेत कशाला? पण अपवादावर नियम बांधत नाहीत. १९०४ साली सेंट लुईसच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे सात वजनगट झाले आणि जोड लावण्याचे काम डोळ्याकडून काट्याकडे गेले.

आम्ही गझल लिहिणारेही शेराचे वजन पाहतो. तिथे वजन चुकले तर फार तर मुशायऱ्यात हसे होते. इथे एखाद्याचा खांदा निखळतो.

वजनगटाने महाराष्ट्राला काय दिले, याचे उत्तर एका नावात आहे, खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मुलगा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकला आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेला. देहाने लहानखुरा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो फ्लायवेट गटात सहावा आला. मातीत वाढलेल्या या पहिलवानाला तिथे मॅटवर झुंजावे लागले. १९५२ साली हेलसिंकीला बँटमवेट म्हणजे ५७ किलोच्या गटात त्याने कांस्यपदक घेतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासाच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. यातले दोन धडे वेगळे ठेवू. वजनगट नसता तर खाशाबांना जगाच्या आखाड्यात जोड मिळाली नसती. आणि वाटखर्च नसता तर वजनगट असूनही ते घरीच राहिले असते.

आता शाळेकडे येऊ. १९५४ साली भारतीय शालेय खेळ महासंघ स्थापन झाला. शालेय स्पर्धांत वयाचे तीन गट चालतात, १४, १७ आणि १९ वर्षांखालील. त्यात पुन्हा वजनगट. वय आणि वजन या दोन वाटण्यांबद्दल फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो तिसऱ्या वाटणीपाशी, मुलुखाच्या वाटणीपाशी. मुलगा आधी तालुक्याला खेळतो, मग जिल्ह्याला, मग विभागाला, मग राज्याला. कुस्तीत प्रत्येक पायरीवर एका वजनात एकच जण वर चढतो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा. मेहकर-लोणारपासून जळगाव जामोद-संग्रामपूरपर्यंत, घाटावरचे आणि घाटाखालचे. या रेषा कुस्तीसाठी आखलेल्या नाहीत. त्या शेतसारा, कचेऱ्या आणि कारभारासाठी आखल्या गेल्या. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्याकडून बुलढाण्याकडे आले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इंग्रज अंमलदाराने मारलेल्या रेघेवरून आज खामगावचा मुलगा कोणाशी लढणार, हे ठरते. एखाद्या तालुक्यात एकाच वजनात चार तयारीची पोरे निघतात आणि त्यातली तीन पहिल्याच पायरीवर थांबतात. दुसरीकडे त्या वजनात जोडच नसते, तिथल्या मुलाला पुढे चाल मिळते आणि अंगाला घाम न येता तो जिल्ह्याला पोचतो. दोष कोणत्याच मुलाचा नाही. रेघेने तसे केले.

विभागाच्या पायरीवर हे अधिक ठळक दिसते. अमरावती विभागात जिल्हे पाच आहेत, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ. पण शालेय स्पर्धांत महापालिकेचे क्षेत्र जिल्ह्यापासून वेगळे धरतात. अमरावतीला १९८३ साली महापालिका झाली, अकोल्याला २००१ साली. म्हणून पाच जिल्ह्यांचे सात हिस्से होतात. १९९८ साली अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला. म्हणजे जुन्या अकोला जिल्ह्याच्या मुलुखातून आज तीन विजेते विभागाला जातात, अकोला शहराचा, उरलेल्या अकोला जिल्ह्याचा आणि वाशीमचा. २०११ च्या जनगणनेत अकोला आणि वाशीम मिळून लोकसंख्या सुमारे ३० लाख होती. बुलढाण्याची जवळपास २६ लाख, आणि तिच्या वाट्याला दार एकच. यवतमाळची २७ लाखांहून जास्त, तिथेही एकच. ३० लाखांना तीन दारे आणि २६ लाखांना एक, हा हिशेब कोणी दुष्टाव्याने मांडलेला नाही. नगरविकासाचा कागद खेळाच्या टेबलावर आला आणि तसाच राहून गेला.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा दाराची एवढी काय कटकट? पण त्या दारापलीकडे बरेच काही आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि स्पर्धेची पातळी वर जाते तसे ते वाढतात. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी, एक सोयाबीनचे पीक हातचे गेले की वर्ष कसे काढायचे हा प्रश्न असतो. तिथे ते प्रमाणपत्र पोलीस भरतीच्या फाईलला लागते, बहिणीच्या लग्नाच्या हिशेबातही येते. पोराच्या खुराकासाठी घरातले दूध विकणे बंद केलेली आई हा हिशेब आपल्यापेक्षा चांगला जाणते.

जिल्ह्याचे नाव म्हणजे दार असते, हे मोठ्या आखाड्यातही दिसले आहे. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची परंपरा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये जालन्याला बाला रफिक शेख याने पुण्याच्या अभिजित कटकेला हरवून ती गदा जिंकली, आणि तो खेळत होता बुलढाणा जिल्ह्याकडून. गाव त्याचे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले खडकी. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांच्याकडे तो कोल्हापुरात शिकला. बुलढाण्याचे नाव गदेवर गेले, आम्हाला आनंद झाला आणि तो आनंद खोटा नव्हता. पण इतिहास म्हणून त्याकडे पाहिले तर दिसते ते असे, की जाणत्या पहिलवानाला एका जिल्ह्याच्या दाराऐवजी दुसऱ्या जिल्ह्याचे दार सापडू शकते. शाळकरी पोराला ती सोय नाही. तो ज्या शाळेच्या हजेरीपटावर आहे, त्याच रेघेमागे उभा असतो.

मग शाळाच वाटून घ्याव्यात का? अमेरिकेत हा प्रयोग झालेला आहे. तिथे हायस्कुलातली कुस्ती म्हणजे गावोगावचा सण. आयोवा राज्यात पटसंख्येवरून शाळांचे तीन वर्ग केलेले आहेत आणि प्रत्येक वर्गाचे अजिंक्यपद निराळे. शेजारच्या पट्ट्यातल्या इंडियानात मात्र कुस्तीच्या वैयक्तिक स्पर्धेला असे वर्ग नाहीत. लहान गावची शाळा असो की शहरातली हजारोंची, एका वजनात राज्याचा विजेता एकच. आयोवा म्हणते, लहान शाळेतल्या पोरालाही विजेतेपदाचा मंच मिळाला पाहिजे. इंडियाना म्हणते, कुस्तीत शाळा लढत नाही, पोरगा लढतो. विजेता एकच असेल तरच त्या पदाला अर्थ.

माझा कौल इंडियानाच्या बाजूने आहे, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. लहान शाळांचे अजिंक्यपद वेगळे काढले तर ते हळूहळू रेवड्यांची कुस्ती होईल. खेड्यातल्या पोराला मोठ्या शाळेपासून सुटका नको आहे. त्याला तिच्या पोरासमोर उभे राहायचे आहे. पण उभे राहण्याआधी त्याच्या पायाखाली तीच मॅट असली पाहिजे. खरी दरी पटसंख्येची नाही, मॅटची आहे. महाराष्ट्र केसरीने गादी आणि माती असे दोन विभाग करून, त्या दोन्ही विजेत्यांची शेवटची लढत लावून या दरीवर एक पूल बांधला. शाळांच्या पातळीवर तो पूल नाही. मातीत घडलेला पोरगा थेट मॅटवर जातो आणि गुणांची आकडेमोड कळायच्या आत हरतो.

म्हणून वाटणी करायचीच तर ती पदाची नको, दारांची आणि साधनांची करा. विभागाला एका वजनात किती मुले पाठवायची, हे महापालिका आहे की नाही यावर ठरवू नका. किती शाळांची किती मुले जिल्ह्यात प्रत्यक्ष खेळली यावर ठरवा. बुलढाणा, यवतमाळसारख्या जिल्ह्यांतून पहिल्याबरोबर दुसऱ्यालाही जाऊ द्या. प्रत्येक तालुक्याला एक तरी मॅट आणि ती शिकवणारा एक माणूस द्या. आणि जिल्ह्यापुढे जाणाऱ्या मुलाचा वाटखर्च मुख्याध्यापकांच्या खिशावर सोडू नका. प्रत्येक शाळेला खर्डेकर मिळत नाहीत आणि मिळाले तरी त्यांनी दर वेळी घर का गहाण टाकावे?

नवे दार उघडले की काय होते, हे मुलींनी दाखवून दिले आहे. ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती आली ती २००४ साली. महाराष्ट्रात पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी तिची पहिली विजेती ठरली. ज्या हौद्याच्या कडेलाही पूर्वी बाईमाणसाला उभे राहू देत नसत, त्याच खेळात आज शाळेच्या मुली वजन करून रांगेत उभ्या असतात. ही वाटणी झाली म्हणून कुस्ती लहान झाली नाही.

जोड लावण्याचा अधिकार आधी जाणत्या डोळ्यांकडे होता, मग काट्याकडे गेला, आणि आज तो बऱ्याच अंशी नकाशाकडे आहे. काटा डोळ्यापेक्षा बरा, कारण तो भावकी पाहत नाही. नकाशाही भावकी पाहत नाही, पण त्याला पोरेही दिसत नाहीत. नकाशा बदलता येतो. १९०५ साली बदलला, १९९८ साली बदलला, २००१ साली बदलला. कारभारासाठी तीनदा बदललेली रेघ तालमीतल्या पोरांसाठी एकदा बदलायला हरकत नसावी.