न्यायालय-निरीक्षण, मद्यपी वाहनचालकांविषयक
मद्यपी वाहनचालकांचे खटले कसे हाताळले जातात, हे स्वयंसेवकांनी न्यायालयात बसून नोंदविण्याची अमेरिकेतील पद्धती. डॉरिस एकेन (न्यूयॉर्क, १९७८) व कँडी लाइटनर (कॅलिफोर्निया, १९८०) यांच्या संघटनांमुळे तिला चालना मिळाली. लाइटनर यांच्या १३ वर्षांच्या मुलीला चिरडणारा चालक याच गुन्ह्यासाठी पूर्वी अनेकदा पकडला गेला होता. अभियोक्ता व बचावपक्ष यांच्या तडजोडीत मूळ आरोप सौम्य होई आणि पुढील खेपेस तोच इसम कित्येकदा प्रथमच गुन्हा करणारा ठरे. निरीक्षक आरोप, तहकुबी, निकाल व शिक्षा टिपतात. कामकाज खुले असल्याने वेगळी परवानगी सहसा लागत नाही. न्यायाधीशांवर दडपण येते, हा आक्षेप सर्वस्वी गैरलागू नाही : मेन राज्यातील एका अभ्यासात निरीक्षित खटल्यांत दोषसिद्धीचे प्रमाण अधिक आढळले.