नेटजवळ उभी असलेली गेल एम्स

मिक्स्ड डबल्सची मॅच बघताना आपली नजर आपोआप मागे उभ्या असलेल्या पुरुषाकडे जाते. तो उडी मारतो, स्मॅश मारतो, आवाज होतो. पुढे नेटजवळ उभी असलेली बाई मात्र दोन इंच रॅकेट हलवते आणि पॉइंट संपतो. तिने तेवढ्यात काय केलं ते कळायला रिप्ले बघावा लागतो. खरं तर मागच्याला स्मॅश मिळतो तोच पुढचीमुळे. ती नेटजवळचे सगळे रस्ते बंद करते, समोरच्याला शटल उंच उचलण्यावाचून पर्याय उरत नाही, आणि मग मागचा हिरो होतो.

इंग्लंडची गेल एम्स ही अशी पुढे उभी राहणारी खेळाडू होती, आणि तिच्या काळातल्या सर्वोत्तमांपैकी एक. जन्म १९७७, हर्टफर्डशरमधल्या हिचिन गावचा. मागे असायचा नेथन रॉबर्टसन.

१९ ऑगस्ट २००४, अथेन्स ऑलिम्पिक, मिक्स्ड डबल्सची फायनल. समोर चीनचे झांग जुन आणि गाओ लिंग, म्हणजे सिडनीचे सुवर्णविजेते. पहिला गेम इंग्लिश जोडी १-१५ हरली. एवढा मार खाल्ल्यावर बहुतेक जोड्या दुसऱ्या गेममध्ये सन्मानाने हरायचा प्रयत्न करतात. यांनी तो १५-१२ घेतला. तिसरा गेम १२-१५ गेला आणि सुवर्णपदक त्याच्याबरोबर.

तेव्हाची स्कोअरिंगची पद्धत माहीत नसेल तर हे आकडे फसवतात. सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच पॉइंट मिळायचा. रॅली समोरच्याच्या सर्व्हिसवर जिंकली तर स्कोअर हलायचाच नाही. डबल्समध्ये तर जोडीतल्या दोघांच्या सर्व्हिस संपल्यावरच सर्व्हिस तुमच्याकडे यायची. म्हणजे १२-१५ या स्कोअरमागे कित्येक अशा रॅली असतात ज्यांचा बोर्डवर मागमूस नसतो. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोसेसर पूर्ण क्षमतेने चालतोय आणि लॉगमध्ये एक ओळ पडत नाहीये. २००६ मध्ये ही पद्धत गेली आणि प्रत्येक रॅलीला पॉइंट देणारा २१ चा गेम आला. टीव्हीला सोयीचा झाला, पण त्या जुन्या खेळातली ताणून धरण्याची मजा गेली असं मला वाटतं.

ब्रिटनला बॅडमिंटनमध्ये ऑलिम्पिकची आजवर तीनच पदकं मिळाली आहेत: २००० मध्ये सायमन आर्चर-जो गुड यांचं कांस्य, २००४ चं हे रौप्य आणि २०१६ मध्ये मार्कस एलिस-ख्रिस लँग्रिज यांचं कांस्य. तिन्ही डबल्समधली. ज्या खेळाला इंग्लंडातल्या एका वाड्याचं नाव मिळालं, आणि त्याआधी जो आपल्या पुण्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांमुळे चक्क 'पूना' म्हणून ओळखला जायचा, त्या खेळात ब्रिटनची ऑलिम्पिक सुवर्णाची पाटी अजून कोरीच आहे.

एम्स-रॉबर्टसन अथेन्सनंतर थांबले नाहीत. २००५ ला ऑल इंग्लंड जिंकली. २००६ ला मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. त्याच वर्षी माद्रिदमध्ये विश्वविजेतेपद, नव्या स्कोअरिंगमध्ये २१-१५, २१-१२. फायनलमध्ये समोरची जोडीही इंग्लिशच होती: अँथनी क्लार्क आणि डोना केलॉग. ही केलॉग म्हणजे महिला डबल्समधली एम्सची स्वतःची पार्टनर. जिची प्रत्येक सवय पाठ आहे, तिलाच जगज्जेतेपदासाठी हरवायचं!

२००८, बीजिंग. पहिल्याच फेरीत समोर पुन्हा गाओ लिंग, या वेळी झेंग बोसोबत, आणि तेही घरच्या प्रेक्षकांसमोर. एम्स-रॉबर्टसननी त्यांना घरी पाठवलं. पुढे उपांत्यपूर्व फेरीत कोरियाच्या ली योंग-डे आणि ली ह्यो-जंगकडून ते हरले, आणि त्याच कोरियन जोडीने सुवर्ण नेलं. त्यानंतर एम्स निवृत्त झाली. वय ३१.

एकतीस म्हणजे आमच्या क्षेत्रात माणूस जेमतेम सीनियर होतो. तिच्याकडे मात्र जगात मोजक्या लोकांना जमणारं एक कौशल्य होतं आणि त्याचा दुसरीकडे उपयोग शून्य. २०१७ मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की खेळानंतरचं आयुष्य जमवताना ती खचली आहे, पैशांची ओढाताण आहे, आणि ऑलिम्पिकचं पदक विकायचा विचारही डोक्यात येतो. फुटबॉलपटूने हे म्हटलं असतं तर लोकांनी उधळपट्टीचा हिशेब मागितला असता. बॅडमिंटनमध्ये उधळायला मुळात तेवढा पैसाच नव्हता. त्याच सुमारास यूके स्पोर्ट या संस्थेने ब्रिटिश बॅडमिंटनचा निधी पूर्ण बंद केला होता. रिओत कांस्य मिळून जेमतेम चार महिने झाले होते. अपील केलं, तेही मार्च २०१७ मध्ये फेटाळलं गेलं. पुढच्या वेळी पदकाची शक्यता किती, एवढंच त्या गणितात मोजलं जात होतं.

या सगळ्यात तिच्या आईची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. जॅन एम्स १९७१ मध्ये मेक्सिकोत झालेल्या महिला फुटबॉलच्या अनधिकृत विश्वचषकात इंग्लंडकडून खेळली होती. संघातल्या काही मुली तेरा-चौदा वर्षांच्या. अझ्टेका स्टेडियममध्ये यजमानांविरुद्धच्या मॅचला ऐंशी-नव्वद हजारांच्या आसपास गर्दी. त्याआधी जवळपास पन्नास वर्षं इंग्लिश फुटबॉल संघटनेने बायकांना आपल्या मैदानांवर पाय ठेवू दिला नव्हता. मुली परत आल्या तेव्हा स्वागताऐवजी खेळाडूंवर काही महिन्यांची बंदी आली आणि त्यांना नेणारे व्यवस्थापक हॅरी बॅट कायमचे बाहेर फेकले गेले. त्या स्पर्धेवरचा 'कोपा ७१' हा माहितीपट आला तो थेट २०२३ मध्ये. तोवर लेकीलाही निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती.