रॅप पार्टी

रॅप पार्टी : चित्रपटाचे मुख्य चित्रीकरण पूर्ण झाल्यावर निर्मात्याने कलावंत, तंत्रज्ञ व कामगारांना दिलेली मेजवानी. नाट्यसंस्था आणि उत्सव मंडळे यांच्या श्रमपरिहाराशी तिचे जवळचे नाते आहे. दिवसाचे काम थांबते त्याला ‘पॅकअप’ म्हणतात. अखेरच्या दिवसाचा पॅकअप म्हणजे रॅप.

स्वरूप : मुहूर्ताला पूजा, नारळ आणि पहिला क्लॅप असतो. सांगतेला शेवटचा शॉट ‘ओके’ होताच टाळ्या पडतात, केक कापतात आणि क्लॅप हातात धरून सर्वांचे छायाचित्र काढतात. एखाद्या कलावंताचे काम आधी संपले, तर त्याचाही असाच छोटा निरोप होतो. छोट्या चित्रपटात लोकेशनवरच्या शेवटच्या पंगतीला एखादा गोड पदार्थ वाढला की समारंभ झाला. मोठ्या चित्रपटासाठी पुढे वेगळा दिवस ठरवून हॉटेलात जेवण ठेवतात.

रॅपनंतर संकलन, डबिंग, पार्श्वसंगीत, रंगसंस्करण आणि सेन्सॉरचे प्रमाणपत्र हे टप्पे उरतात. राहून गेलेल्या दृश्यांसाठी ‘पॅचवर्क’ही करावे लागते. फिल्मवर चित्रीकरण होत असे तेव्हा प्रयोगशाळेत निगेटिव्ह नीट धुतली गेल्याची खात्री पटेपर्यंत सेट मोडण्याची घाई करीत नसत. आता चित्रित साहित्याच्या एकाहून अधिक प्रती काढून त्या तपासतात.

पूर्वपीठिका : दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे काम दादरला घरगुती पद्धतीने चालले. सरस्वतीबाई फाळके मंडळींचा स्वयंपाक करीत, शिवाय फिल्मच्या कामातही हात लावीत. त्यामुळे एकत्र जेवण हा तेथे रोजच्या कामाचाच भाग होता. 21 एप्रिल 1913 रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि 3 मे रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये चित्रपट लोकांसाठी खुला झाला.

छत्रपती संभाजीनगर परिसर : ऐतिहासिक स्थळी चित्रीकरण संपले, तर मेजवानीला नियमांची मर्यादा असते. या परिसरातील वेरूळ, अजिंठा, दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतील स्थळे आहेत. 1959 च्या नियमांनुसार संरक्षित स्मारकात चित्रीकरणाला परवाना लागतो. केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय तेथे स्वागतसमारंभ किंवा पार्टी करता येत नाही. स्वयंपाक व खाणेपिणेही नेमून दिलेल्या जागेपुरतेच चालते. म्हणून अशा ठिकाणी शेवटचा शॉट झाला, तरी मेजवानी स्मारकाबाहेर ठेवणेच योग्य. शहरातून चिकलठाणा विमानतळावरून शेंद्रा औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या जालना रस्त्यावर त्यासाठी हॉटेले आहेत. लेण्यांच्या दगडाला धूर, तेल व खरकटे यांपासून जपणारा हा नियम निर्मात्याने वेळापत्रक आखतानाच ध्यानात घ्यावा.

कामगारांचे स्थान : पडद्यावर दिसणाऱ्यांपेक्षा न दिसणाऱ्यांची संख्या मोठी असते : स्पॉटदादा, लाइटमन, सेटिंगवाले, वेशभूषा व रंगभूषा साहाय्यक, चालक, आचारी. युनिटमध्ये ते सर्वांत आधी येतात आणि सर्वांत शेवटी जातात. रॅप पार्टीत दिग्दर्शक आणि स्पॉटदादा एका पंगतीला बसतात, हेच तिचे खरे मोल. मात्र जेवण हा मोबदल्याला पर्याय नव्हे. 1981 च्या सिने-कामगार कायद्याने चित्रपटातील कामगाराशी लेखी करार करणे बंधनकारक केले. 2020 च्या कामगार संहितेनेही दृक्‌श्राव्य क्षेत्रासाठी कराराचे तत्त्व कायम ठेवले. चित्रीकरण संपले की युनिट पांगते आणि थकलेली रक्कम मागायला कामगाराला पुन्हा जागा सापडत नाही. म्हणून निर्मात्यांनी मेजवानीची तारीख ठरवण्याआधी प्रत्येकाचा हिशेब चुकता करावा.