इराणचा शहा, सातपुड्याचा नाईक आणि बंडाची जबाबदारी

इराणच्या क्रांतीचा विषय निघाला की आपल्या पोरांत हमखास दोन गट पडतात. एक म्हणतो, हे सगळं अमेरिकेनं केलं. दुसरा म्हणतो, अमेरिकेचा काय संबंध, मुल्लांनी केलं. दोन्हीकडून तावातावानं बोलणं होतं. पण 'केलं' म्हणजे नेमकं काय केलं, आणि जी माणसं रस्त्यावर उतरली, मेली, ती या हिशेबात कुठं बसतात, हे कुणी विचारत नाही.

आधी अमेरिकेचं खातं मांडू. मोसादेकनं १९५१ ला इंग्रज कंपनीच्या ताब्यातलं तेल राष्ट्राच्या मालकीचं केलं. १९ ऑगस्ट १९५३ ला सीआयए आणि इंग्रज हेरखात्यानं त्याचं सरकार उलथवलं आणि शहाला पुन्हा गादीवर बसवलं. २०१३ साली खुल्या झालेल्या सीआयएच्या कागदांत ही कबुलीच आहे. १९५७ ला अमेरिकेच्या मदतीनं 'सावाक' हे गुप्त पोलीस खातं उभं राहिलं. १९६४ ला कायदा झाला, की अमेरिकी लष्करी सल्लागारांवर इराणच्या कोर्टात खटला चालणार नाही. त्याविरुद्ध बोलला म्हणून खोमेनी हद्दपार झाला. यातला एक पैसाही अमेरिकेला माफ करायचं कारण नाही.

पण सावाकच्या कोठडीत चाबूक धरणारा हात इराणी होता. १९७१ ला पर्सेपोलिसला राजेशाहीचा डामडौल केला तो शहानं. आणि १९७८ ला तेलकामगारांनी संप करून शहाची नाडी आवळली, ती काय वॉशिंग्टनहून तार आली म्हणून? परक्यानं जुलूम लादला हे खरं. तो उलथवला मात्र तिथल्याच माणसांनी.

गंमत अशी, की 'बाहेरच्यांनी केलं' ही भाषा सगळ्यात जास्त शहाच बोलायचा. ७ जानेवारी १९७८ ला 'इत्तेलाआत' या दैनिकात सरकारच्या सांगण्यावरून लेख छापून आला. खोमेनी म्हणजे मूळचा हिंदुस्थानी, इंग्रजांचा हस्तक, असा त्याचा सूर. दोन दिवसांनी कोम शहरात लोक रस्त्यावर आले आणि गोळीबार झाला. राज्यकर्त्याला बंडाचं कारण आपल्या दारात सापडत नाही. ते नेहमी शिवेपलीकडं असतं.

आता आपल्या खानदेशात या.

१८१८ ला पेशवाई बुडाली, खानदेश कंपनीकडं गेला. कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला ठाणं केलं. डोंगरात भिल्लांची बंडं पेटलेलीच होती. शाळेच्या पुस्तकात भिल्लांचं बंड इंग्रजांपासून सुरू होतं. मग त्याआधी काय सगळं आबादीआबाद होतं? भिल्ल घाट राखायचे, गाव राखायचे, त्याचा हक्क घ्यायचे. पेशवाईच्या अखेरीस होळकर-पेशव्यांच्या मारामारीत आणि १८०३-०४ च्या दुष्काळात हे सगळं मोडलं. भिल्ल लुटायला लागले. त्यावर पेशव्यांच्या अंमलदारानं, बाळाजी लक्ष्मणानं, काय केलं? कोपरगावला भिल्लांना बोलावून घेतलं, दगा केला आणि दोन विहिरींत लोटलं. या विहिरी कुठल्या इंग्रजानं भरल्या नाहीत.

मग इंग्रज आला. त्यानं आधी लष्कर घातलं. जमेना, तेव्हा १८२५ ला आउट्रामनं भिल्लांचीच पलटण उभारली, धरणगावला तिचं ठाणं केलं. नाईकांना तनखे, घाटराखणीची कामं. यालाच पुढं 'सुधारणा' म्हटलं. खाज्या नाईक या व्यवस्थेतलाच. शिरपूर–सेंधवा घाटाची राखण त्याच्याकडं. कंपनीनं त्याला तुरुंगात घातलं, मग सोडलं, १८५७ ला गरज पडली तेव्हा पुन्हा कामावर घेतलं. आणि तोच उलटला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला लढाई झाली. भिल्ल मारले गेले, बायका कैद झाल्या. १८६० ला दग्यानं खाज्याचा खून झाला.

या बंडाला जबाबदार कोण? इंग्रज? हो. पण फक्त इंग्रज म्हटलं की कोपरगावच्या विहिरी बुजतात, सावकाराची वही मिटते, आणि खाज्या नाईक 'स्वातंत्र्यवीर' होऊन भिंतीवर फोटोपुरता उरतो. त्याच्या वंशाच्या जमिनी कुणी गिळल्या हे विचारायची सोय राहत नाही.

कारण पुढचा प्रसंग इंग्रज गेल्यावरचा आहे. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता (नंदुरबार जिल्हा १९९८ ला वेगळा झाला). १९७१ साली पाटीलवाडीला भुकेल्या आदिवासींवर जमीनदारांचा हल्ला झाला. अंबरसिंग सुरतवंती हा भिल्ल कार्यकर्ता उभा राहिला, १९७२ ला श्रमिक संघटना झाली. सालदारांची मजुरी, बळकावलेल्या जमिनी, बायकांची अब्रू, हे प्रश्न होते. आणि बड्यांची ओरड काय? 'बाहेरून आलेल्यांनी आमची माणसं बिघडवली.' तेहरानचा शहा आणि शहाद्याचा बागाईतदार, दोघांची भाषा एक. भिल्लाला, सालदाराला स्वतःची अक्कल असते हे दोघांनाही मान्य नव्हतं.

बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढं दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. तेव्हा डोक्यावर इंग्रज होता, तरी त्यांनी एकाच शत्रूचा सोपा हिशेब मांडला नाही. एकच शत्रू धरला की दुसरा आपल्याच मांडवात मानाच्या पाटावर बसतो.

इराणात तेच झालं. ११ फेब्रुवारी १९७९ ला शहाची सत्ता संपली. ८ मार्चला तेहरानच्या बायका हिजाबच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आल्या. तेव्हा 'आधी अमेरिकेशी लढू, बायकांचं नंतर बघू' म्हणणारे डावेही पुष्कळ होते. नोव्हेंबरात अमेरिकी वकिलात ताब्यात घेतली, ५२ माणसं ४४४ दिवस डांबली. तुदेह पक्षानं खोमेनीला पाठिंबा दिला. १९८३ ला तोच पक्ष मोडून काढला. १९८८ ला तुरुंगांत हजारो राजबंद्यांना फासावर चढवलं. ते 'नंतर' आलंच नाही.

म्हणून मित्रहो, इराणवर बोलायचं असो की सातपुड्यावर, तीन खाती वेगळी मांडा. जुलूम कुणी लादला. घरातल्या कुणी तो राबवला आणि त्यावर पोसला. आणि बंड कुणी केलं, त्याचं पीक कुणी नेलं. पहिल्या खात्यात अमेरिका लिहा, इंग्रज लिहा, ठळक लिहा. पण दुसरं खातं कोरं ठेवायला कुणी सांगितलं तर त्याचं स्वतःचं नाव कुठल्या खात्यात आहे ते आधी तपासा. आंबापाणीच्या लढाईचं जुन्या भिल्ल माणसांकडून जे ऐकायला मिळेल ते लिहून घ्या. सरकारी कागदात ते 'दरोडेखोर' आहेत, नाहीतर 'चिथावलेले'. तिसरं खातं आपल्यालाच लिहायचं आहे.